आफ्रिकन कादंबरीने दिलेले उत्तर

एखाद्या समाजाचे चित्र दुसऱ्याने काढले आणि ते विपर्यस्त काढले, तर त्या समाजातल्या लेखकाने काय करावे? हा प्रश्न आम्हां मराठी मुस्लिम वाचकांना नवा नाही. त्याचे समर्थ उत्तर आमच्या वाचनात आले ते आफ्रिकेतील तीन कादंबऱ्यांतून. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी युरोपने काढलेले चित्र पाहू. जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये काँगोत जाऊन आला आणि १८९९ मध्ये त्याची 'हार्ट ऑफ डार्कनेस' प्रसिद्ध झाली. गोऱ्यांनी काँगोत चालवलेल्या हस्तिदंताच्या लुटीवर तिने कोरडे ओढले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्यातील आफ्रिकी माणसे म्हणजे नुसते हात, पाय, डोळे आणि आरोळ्या. त्यांच्या तोंडी बोलणे जवळजवळ नाहीच. असे लिहिणारा कॉनरॅड एकटा नव्हता. १९६३ साली ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी, आफ्रिकेला गोऱ्यांच्या आगमनापूर्वीचा इतिहासच नाही, बाकी सारा अंधार, अशा आशयाचे विधान केले होते.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्याख्यान देऊन कॉनरॅडला वंशद्वेष्टा ठरवले. ते व्याख्यान गाजले. पण त्यांचे खरे उत्तर त्यापूर्वीच, १९५८ मध्ये आले होते. इबादानला शिकत असताना अचेबे यांनी जॉइस कॅरी या लेखकाची 'मिस्टर जॉन्सन' वाचली. नायजेरियन माणसाचे त्यातले चित्र त्यांना पटले नाही. पुढे त्यांनी 'थिंग्ज फॉल अपार्ट' लिहिली.

या कादंबरीत उमुओफिया हे इग्बो लोकांचे गाव आहे. तिथे न्यायनिवाडा आहे, सणवार आहेत, म्हणी आहेत, पाहुण्यापुढे कोलानट ठेवण्याची रीत आहे. अचेबे एवढ्यावर थांबले असते तर कादंबरी प्रचारपुस्तिका झाली असती. याच गावात जुळी मुले मडक्यात घालून रानात टाकली जातात. इकेमेफुना नावाचा परगावचा मुलगा तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो. देवीचा कौल येतो आणि त्याला रानात नेऊन मारले जाते. लोक आपल्याला भेकड म्हणतील या भीतीने स्वतः ओकोंक्वोच त्याच्यावर घाव घालतो. पुढे ओकोंक्वोचा मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे जातो, तो काही धर्मतत्त्वे पटली म्हणून नव्हे. रानातून ऐकू आलेले तान्ह्यांचे रडणे आणि इकेमेफुनाची हत्या त्याच्या मनात घर करून राहिली होती. परक्याला आत शिरायची वाट आपल्याच घराच्या भेगेतून मिळाली, हे अचेबे लपवत नाहीत.

दुसरी कादंबरी आमच्या अधिक जवळची. सेनेगलच्या शेख हमिदू कान यांची ही फ्रेंच कादंबरी १९६१ मध्ये आली. इंग्रजीत तिचे नाव 'ॲम्बिग्युअस ॲडव्हेंचर'. फ्रेंचांचा दावा होता की आम्ही शाळा काढून अंधारात दिवा लावला. कान यांची कादंबरी सुरू होते तीच मुळी मदरशात. म्हणजे दिवा आधीच होता. पण त्या दिव्याचा चटकाही कान दाखवतात. पठणात चूक झाली म्हणून उस्ताद थिएर्नो लहानग्या साम्बा डियालोला जळक्या लाकडाने डागतात. याच उस्तादांचा त्या मुलावर अपार जीव आहे. रोज वर्गात उभे राहणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाला हे प्रकरण सहज ओलांडून जाता येत नाही. उस्ताद ना राक्षस होतात ना फरिश्ता; ते माणूस राहतात.

मुलांना फ्रेंच शाळेत पाठवावे का, यावर जमात विचारात पडते. सरदारांची बहीण उभी राहून सांगते, की ती शाळा मलाही नकोशी आहे, तरी मुले पाठवा. आपण हरलो ते का, हे शिकल्याशिवाय कळणार नाही. सरदारांना वेगळीच चिंता आहे. मुले जे शिकतील, त्यासाठी जे विसरतील, त्याची किंमत कोण मोजणार? उर्दू, मराठी की इंग्रजी माध्यम, या विवंचनेतल्या पालकांना हा पेच समजावून सांगायला नको. साम्बा पॅरिसला तत्त्वज्ञान शिकतो आणि परततो तो दोन्हींकडून तुटलेला. कान कोणत्याही बाजूने निकाल देत नाहीत.

सुदानच्या तय्यब सालेह यांची अरबी कादंबरी 'मौसम अल-हिजरा इला अल-शमाल' १९६६ ची. तिचा मुस्तफा सईद लंडनमध्ये स्वतःच युरोपच्या कल्पनेतला पूर्वेचा माणूस बनतो. चंदन, धूप आणि वाळवंटाच्या बनावट गोष्टी यांवर तो इंग्रज स्त्रियांना भुलवतो. पण सालेह आरसा गावाकडेही वळवतात. मुस्तफाची विधवा हुस्ना हिचा निकाह तिच्या मर्जीविरुद्ध एका म्हाताऱ्याशी लावला जातो. शेवट दोघांच्या रक्तात होतो. नाईलकाठचे ते गाव त्या रक्ताला आपणही जबाबदार आहोत, हे मानायला तयार नसते.

यावर आमच्या बैठकांत नेहमीचा आक्षेप येईल, की असे लिहिणे म्हणजे विरोधकाच्या हाती कोलीत देणे. हा आक्षेप पोकळ नाही. ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्यांच्या लेखकावर हे ओझे असतेच. परंतु अचेबे यांच्या कादंबरीचा शेवट आठवावा. ओकोंक्वोने गळफास घेतलेला आहे आणि इंग्रज अधिकारी मनातल्या मनात आपल्या पुस्तकाची जुळणी करतो आहे. या माणसावर एखादा परिच्छेद पुरे, असे तो ठरवतो. त्याला आपल्या कबुलीची गरज नव्हती. आपण गप्प राहिलो तरी तो लिहिणारच होता. परिच्छेदाला उत्तर द्यायचे तर अख्खा माणूस उभा करावा लागतो, आणि अख्खा माणूस दोषांसकट असतो.

आमच्याकडे मुस्लिम पात्र म्हटले की एकतर खलनायक, नाहीतर जीव ओवाळून टाकणारा इमानी दोस्त, हे साचे अनेकदा दिसतात. त्यावर चिडून आपण निष्कलंक मोहल्ला रंगवला, तर तोही साचाच. आमच्या नव्या लेखकांनी या तीन कादंबऱ्या मिळवून वाचाव्यात. शक्य असेल त्यांनी त्या मराठीत आणण्याचे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.