कोरा दगड, कोरलेला दगड आणि भाकरी

पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी मेहकर सोडून आमच्या जानेफळात येते, तोवर पेरण्या कधीच आटोपलेल्या असतात आणि सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं. पालखी पुढे शिर्ला नेमानेच्या वाटेला लागते. मागे गावात कुठल्या ना कुठल्या घरी गजानन महाराजांच्या पोथीचं, ‘गजानन विजय’चं पारायण बसतं. याच दिवसांत शाळेत १ ऑगस्टची भाषणं असतात. शेंगा आणि टरफलांची गोष्ट पाठ करून आलेली पोरं टिळकांच्या तसबिरीपुढे उभी राहतात. मला मात्र टिळक पहिल्यांदा भेटले ते शाळेत नाहीत, आजीच्या पोथीत. पंधरावा अध्याय लागला की आजी वाचता वाचता थांबायची, चष्मा पदरानं पुसायची आणि मग पुढची ओवी घ्यायची. ती का थांबते, हे मला फार उशिरा कळलं. कळायला कारण झालं आयर्लंड.

रॉबर्ट एमेट हा डब्लिनचा तरुण. २३ जुलै १८०३ रोजी त्यानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो एका रात्रीत मोडला. १९ सप्टेंबरला खटला झाला आणि दुसऱ्याच दिवशी थॉमस स्ट्रीटवर त्याला भर रस्त्यात फाशी देऊन त्याचं शिर कापलं गेलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. उठाव म्हणून पाहिलं तर त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पण दोषी ठरल्यावर आरोपीच्या पिंजऱ्यातून तो जे बोलला, ते आयर्लंडच्या पिढ्यांनी पाठ केलं. न्यायाधीश लॉर्ड नॉरबरी त्याला मध्ये मध्ये तोडत होता आणि तरीही तो बोलत राहिला. शेवटी त्यानं एकच मागणं मागितलं: माझ्या थडग्यावर कुणी काही लिहू नये. माझा देश जगातल्या राष्ट्रांच्या पंगतीला बसेल तेव्हाच लिहावं, तोवर दगड कोरा राहू द्यावा.

स्मारकाचा इतका विलक्षण विचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मेलेला माणूस जिवंतांवर काम सोपवून जातो. मला आठवा असं तो म्हणत नाही. मला आठवण्याची पात्रता आधी मिळवा, असं म्हणतो. पुढे त्याचा देह कुठे पुरला हेच हरवलं. डब्लिनच्या सेंट मिकन चर्चच्या आवारात एक अक्षर नसलेली शिळा आहे, तीच त्याची असावी असं लोक मानतात. शिल्पकार जेरोम कॉनर यांनी घडवलेला त्याचा पुतळा अमेरिकेत उभा राहिला, डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनमध्येही आला. आयोवा राज्यातल्या एका गावाला एमेट्सबर्ग असं नाव मिळालं. पण या साऱ्यापेक्षा ती कोरी शिळा अधिक बोलते. आयर्लंड १९४९ साली प्रजासत्ताक झालं, उत्तरेचा तुकडा मात्र अजून ब्रिटनकडे आहे. म्हणजे एमेटची अट पुरी झाली की नाही, याचं उत्तर प्रत्येक आयरिश माणसाला स्वतःशी द्यावं लागतं. कोऱ्या दगडानं तो प्रश्न दोनशे वर्षं जिवंत ठेवला.

२३ जुलै ही तारीख आपल्याही ओळखीची आहे. १८५६ साली त्याच दिवशी टिळक जन्मले. आणि १९०८ साली वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २२ जुलैला रात्री, मुंबई उच्च न्यायालयात त्यांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड झाला. गुन्हा कोणता, तर ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी, ज्यांनी १८९७ साली बॅरिस्टर म्हणून याच टिळकांना जामीन मिळवून दिला होता, विचारलं की काही सांगायचं आहे का. टिळक त्याआधी स्वतःच्या बचावात एकवीस तास बोलले होते. आता त्यांनी दोन-चार वाक्यंच उच्चारली.

ती वाक्यं आज त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेली आहेत. इंग्रजीत आहेत, कारण ती इंग्रजीतच उच्चारली गेली. त्यांची घडण सावकाश पाहण्यासारखी आहे. सुरुवातच ‘ज्युरीचा निर्णय काहीही असो’ या अर्थाच्या शब्दांनी होते. निकाल मान्यही नाही आणि त्यावर रागही नाही, तो नुसता बाजूला सारला आहे. मग, मी निर्दोष आहे. मग माणसांचं आणि राष्ट्रांचं दैव चालवणाऱ्या, या न्यायासनाहून वरच्या शक्तींचा उल्लेख. सरकारचं नाव नाही, न्यायाधीशाचं नाही, हिंदुस्थानचंसुद्धा नाही. शेवटच्या वाक्यात ते म्हणतात की मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या भोगण्यानंच माझं कार्य अधिक फुलावं, अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. यातलं ‘कदाचित’ मला सगळ्यात मोठं वाटतं. सहा वर्षं समोर उभी असताना, बावन्न पुरी व्हायला काही तास उरले असताना, हा माणूस स्वतःच्या भोगाचंही भाकीत करत नाही. तो दार थोडं उघडं ठेवतो.

हा संगमरवर बसला १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीत. अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केलं. याच दालनात या थोर पुरुषाला जे भोगावं लागलं त्याचं प्रायश्चित्त घ्यायला आपण आलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुतळे जगात पुष्कळ आहेत. ज्या न्यायालयानं शिक्षा दिली त्यानंच आरोपीचं म्हणणं आपल्या भिंतीवर कोरून घ्यावं, हे मात्र दुर्मीळ आहे. डब्लिनची शिळा वाट पाहते, मुंबईची शिळा कबुली देते.

आणि हे दोन्ही देश एकमेकांना अनोळखी नव्हते. मंडालेच्या तुरुंगातून सुटल्यावर टिळकांनी १९१६ साली बेळगावात स्वराज्य संघ, म्हणजेच होमरूल लीग, काढला, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडहूनच आला होता. संघाचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. केळकरांनी त्याआधीच मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला होता. संघाच्या कार्यक्षेत्रात आमचा वऱ्हाडही होता.

आता पोथीकडे वळतो, कारण माझ्या मते तिसरं स्मारक सर्वांत टिकाऊ आहे. दासगणूंनी १९३९ साली ‘गजानन विजय’ पुरा केला. पंधराव्या अध्यायात १९०८ची अकोल्याची शिवजयंती आहे. अक्षय्य तृतीयेचा दिवस, टिळक बोलताहेत, गजानन महाराज सभेत बसलेत. ते मध्येच बोलून जातात की अशानंच दोन्ही दंडांना काढण्या पडतात. ‘काढणी’ हा शब्द ऐकताच आमच्याकडच्या माणसाला दोर दिसतो. विहिरीतून पाणी काढायचा तो काढणीच, कैद्याचे दंड आवळायचा तोही काढणीच. ‘शिक्षा’ म्हटलं असतं तर बातमी झाली असती. काढणी म्हटल्यानं दंडाला काच बसतो. पोथीतल्या त्या सभेनंतर तीन महिन्यांच्या आत टिळक खरोखर आत होते.

मग टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे कोल्हटकर नावाच्या गृहस्थांना शेगावला पाठवतात. महाराज सुटकेचं आश्वासन देत नाहीत. शिवाजी महाराजांनाही कैद चुकली नव्हती याची आठवण देतात, आणि एक भाकरी हातात ठेवतात: ही त्याला खाऊ घाल, त्याच्या हातून मोठं काम व्हायचं आहे. ते काम म्हणजे गीतारहस्य, असं पोथी पुढे सांगते. कोल्हटकर भाकरी मुंबईच्या तुरुंगात पोचवतात. टिळकांच्या तोंडात दात नसतात, म्हणून ते ती कुस्करून खातात.

इथे आजी थांबायची. केसरीचा संपादक, गर्जना करणारा माणूस, आणि त्याच्या तोंडात दात नाहीत. शेगावची कोरडी भाकरी तो बोटांनी चुरतो आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाला त्याच्या दुखऱ्या हिरड्यांसकट आठवणारं दुसरं स्मारक मला माहीत नाही. पोथीतला टिळक पुतळ्यासारखा ताठ नाही. त्याला भूक आहे, आणि वऱ्हाडानं त्याच्यासाठी भाकरी पाठवली आहे. न्यायालयातलं ते ‘कदाचित’ पोथीत नाही. तिथे ठाम भरवसा आहे. तरी दोन्हीकडे सांगणं एकच: सुटका मागितली नाही, आणि भोगणं वाया जाणार नाही.

आजी गेली, पोथी आता वहिनी वाचते. मागच्या पारायणात पंधरावा लागला तेव्हा शेजारची दुसरीतली पोरगी मांडी घालून ऐकत होती. भाकरी कुस्करल्याची ओवी आली तशी तिनं वहिनीचा पदर ओढून विचारलं, “काकू, सोबत भाजी नव्हती का दिली?” वहिनी थांबली, चष्मा काढला आणि पदर शोधू लागली.