वऱ्हाडातील लोकप्रबोधन : विचारप्रसाराच्या दोन रीती

विचार समाजात रुजतो तो केवळ त्यातील सत्यामुळे नव्हे; ज्या रूपात तो सांगितला जातो, त्या रूपाची पुनरावृत्ती लोकांना करता यावी लागते. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांच्या प्रसारपद्धतींचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार केला आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे शेतीकामात गेले. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरांचे होते. देवाला बोकड का कापावा, कर्ज काढून सण का करावा, माणसाचा विटाळ का मानावा, असे ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यामुळे विचार श्रोत्याचा स्वतःचा होई. मात्र बाबांनी ग्रंथ लिहिला नाही, कोणाला शिष्यही मानले नाही. त्यांच्यामागे ही रीत तशीच चालणे कठीण होते.

अमरावती जिल्ह्यातीलच यावलीच्या तुकडोजी महाराजांनी पुनरावृत्तीची साधने निर्माण केली : खंजिरीवरील भजन, सामुदायिक प्रार्थना, ओवीबद्ध 'ग्रामगीता' आणि गुरुकुंज मोझरीशी जोडलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा. प्रार्थनेसाठी महाराजांची उपस्थिती आवश्यक नसते. म्हणून ती टिकली. परंतु पाठ झालेले विचाराविनाही म्हणता येते, ही या रीतीची मर्यादा होय.

गाडगेबाबांच्या बाबतीत पुनरावृत्तीचे काम पुढे शासनाने व संस्थांनी केले. २०००-०१ मध्ये राज्यात त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. अभियानाने गावे झाडली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण या प्रवासात खराटा ठळक झाला आणि प्रश्न मागे पडला. खराट्याची कृती सर्वांना मान्य होते, तिचे छायाचित्र काढता येते, गुण देता येतात. बोकडाचा, कर्जाचा, विटाळाचा प्रश्न मात्र कोणाला तरी दुखावतो. बाबांच्या दृष्टीने अंगणातील घाण आणि मनातील घाण वेगळी नव्हती. स्वीकाराच्या प्रक्रियेने ती वेगळी केली.

सारांश, संस्कृती विचार जसाच्या तसा पुढे नेत नाही. सोयीचा अंश निवडते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला सर्वांत जवळचे आजचे स्थळ वर्गखोली आहे. तेथे उत्तरे लिहून देण्याची प्रथा चालू राहिली, तर जयंतीला परिसर स्वच्छ होईल. बाबांची परंपरा मात्र चालणार नाही.