दिवा लावला की चित्र विझतं

गोरेगावात नवं घर घेतलेल्या मैत्रिणीने हॉलच्या कोपऱ्यात एक 'वारली फ्लोअर लॅम्प' आणून उभा केलाय. पाच फूट उंची, काळा लोखंडी पाय, वर गेरूच्या रंगाची गोल कापडी शेड आणि शेडवर पांढऱ्या रंगात तारपा नाच. किंमत ८,९९९ रुपये. मी डहाणूची, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला: "पैसे वसूल आहेत का गं?"

फ्लोअर लॅम्प म्हणजे चैन, असं म्हणून हात झटकता येतात. छताला ट्यूबलाइट असताना जमिनीवरून उभा राहणारा दिवा कुणाला लागतो? पण रात्री वाचताना, गप्पा मारताना सगळी खोली उजळलेली नको असते, एक कोपरा पुरतो. त्यासाठी चांगला दिवा घ्यावासा वाटणं यात गैर काही नाही. म्हणून हा दिवा त्याच्या कामावरूनच तपासू.

दिवसा तो छान दिसतो. संध्याकाळी बटण दाबलं की घोटाळा होतो. शेडचं कापड आतून उजळतं, पण पांढरा रंग जाड असल्यामुळे उजेड अडवतो. पांढरी माणसं काळी पडतात. वारली चित्राचा जीव गडद भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेत असतो. कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप, वर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडा डिंक घालायचा आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेघ ओढायची. झोपडीच्या अर्ध्या अंधारात बाहेरून आलेला उजेड त्या पांढऱ्यावर पडतो आणि चित्र उठून येतं. इथे उजेड चित्राच्या पाठीमागून येतो. म्हणजे ज्या वेळेसाठी दिवा घेतला, नेमकं त्याच वेळी चित्र विझतं.

दुसरी गोष्ट नाचाची. तारपा नाचात मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि कमरेला हात घालून साखळी त्याच्याभोवती फिरते. तो वळेल तशी साखळी वळते. सपाट भिंतीवर ही गुंडाळी एका नजरेत दिसते. गोल शेडवर मात्र तिचा पट्टा झालाय. समोरून निम्मेच नाचणारे दिसतात आणि तारपेवाला भिंतीकडच्या बाजूला गेलाय. माणसं फिरतायत, पण कशाभोवती ते कळत नाही.

तिसरी गोष्ट मी शेड हाताने फिरवून पाहिली तेव्हा लक्षात आली. दर वीतभर अंतरावर तीच बाई, तोच वाकलेला गुडघा, वेणीचा तोच फराटा. स्क्रीन प्रिंट आहे. लेबलवर मात्र 'हँडक्राफ्टेड'. लोखंडी पाय कुणी हाताने जोडला असेल तर शब्द खोटा नाही, पण आपण तो वाचतो चित्राबद्दल.

आता कुणी म्हणेल, भिंतीवरची कला शेडवर आली तर बिघडलं काय? काही नाही. ही कला मुळात लग्नघरातली. सवाशिणी लग्नाचा चौक लिहायच्या, चौकात पालघट देवी असायची, आणि त्याशिवाय लग्न लागायचं नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी इथल्या चित्रकारांच्या हाती कागद दिला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो आपलासा केला. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं पाहा. जाळं अख्खी चौकट व्यापतं. भिंतीवरून उतरताना नव्या पृष्ठभागावर काय करता येईल याचा विचार त्यांनी केला. आपल्या लॅम्पने तो केलेला नाही.

असा विचार दिव्याच्या बाबतीतही झालेला आहे. १९५१ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची जपानमधल्या गिफू गावी गेला. तिथे नदीवर रात्री मासेमारी चालते आणि कागदी कंदिलांचा जुना धंदा आहे. त्याने कंदिलावर जपानी चित्रं छापली नाहीत. लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, वर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद चिकटवायचा आणि वाळल्यावर साचा आतून सुटा करून काढायचा, ही कारागिरांची रीत त्याने जशीच्या तशी घेतली आणि फक्त आकार नवे दिले. 'आकारी' नावाचे हे दिवे आजही गिफूत हातानेच बनतात आणि स्वस्त नसतात. पण तिथे पैसे उजेडालाच पडतात, कारण कागदातून गाळलेला उजेड हाच तो दिवा.

इटलीतला १९६२ चा 'आर्को' तर याहून कितीतरी महाग. त्याच्या तळाला साधारण ६५ किलोचा संगमरवर आहे, पण तो थाटासाठी नाही. लांब कमान कलंडू नये म्हणून वजन हवं होतं. दगडाला भोक आहे, दांडा घालून दोघांनी उचलण्यासाठी. प्रत्येक भागाला कारण सांगता येतं.

आमच्या भागात मोबदल्याच्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी १९४५ मध्ये वारली जमले. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, असं तिथे ठरलं. त्यामुळे इथल्या माणसांचं नाव सांगणारी वस्तू नऊ हजाराला दिसली की मी विचारते, यातले किती रुपये काडी धरणाऱ्या हाताला गेले? छापलेल्या शेडबाबत उत्तर अवघड नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते नाव राखतं. त्रिकोणी माणूस कुणीही छापू शकतं. आणि गंमत म्हणजे डहाणूच्या खाडीकाठचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठीच चालतं. उजेड आमच्याकडचा, चित्र आमच्याकडचं, बिल मात्र तिसऱ्याच्या नावाचं.

तर वसूल आहेत का? लोखंडी पाय भक्कम आहे, उजेड डोळ्यांना मऊ लागतो. साधी शेड असती तर याच्या निम्म्या पैशात मी हो म्हटलं असतं. वरचे निम्मे 'वारली' या शब्दाचे आहेत आणि दिवा लावला की तो शब्द काळा पडतो. ते देऊ नयेत.

त्याच पैशात डहाणू-तलासरीच्या एखाद्या चित्रकाराकडून कापडावर काढलेलं चित्र घ्यावं, मागे सही बघावी, भिंतीला लावावं आणि साध्या दिव्याचा झोत समोरून टाकावा. पांढरं पांढरंच दिसेल. आणि कुणी दिवाच घडवणार असेल, तर आमच्याकडे बांबूच्या कामट्या विणून धान्याची कणगी करतात. रिकाम्या कणगीत बल्ब सोडून बघा. विणीच्या फटींतून उजेड भिंतीभर पसरेल. त्या दिव्यावर चित्र नसलं तरी चालेल. विणणाऱ्या हाताला नीट मजुरी मिळाली असेल, तर त्याला मी ८,९९९ रुपयेही देईन.