तक्त्यात न मावणारी विमाने

दुसऱ्या महायुद्धातील पंख्याच्या लढाऊ विमानांची तुलना करणाऱ्या लेखनात बहुधा एक तक्ता असतो. कमाल वेग, उंची, तोफा. शेवटी गुणांची बेरीज आणि विजेता. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईपुरते बोलायचे तर हा विजेता बहुतेक वेळा स्पिटफायर असतो. मी अभियंता नाही, वैमानिकही नाही. पण गेली अनेक वर्षे हे साहित्य आवडीने वाचत आलो आहे. माझा आक्षेप विजेत्यावर नाही, तक्त्यावर आहे.

स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही ब्रिटिश विमानांत मर्लिन हेच इंजिन होते आणि पंखांत आठ-आठ मशीनगन होत्या. तरीही हरिकेनचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटरने कमी. मिचेल यांच्या स्पिटफायरला पातळ पंख आणि संपूर्ण धातूचे अंग होते. कॅम यांच्या हरिकेनचे पंख जाड, तर मागचा भाग म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. तक्ता इथे हरिकेनला नापास करतो. पण कापडातून गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडवता येई. ते बांधायलाही कमी वेळ लागे. त्यामुळे त्या उन्हाळ्यात हरिकेनच्या तुकड्या अधिक होत्या आणि जर्मन विमानेही त्यांनीच अधिक पाडली.

अर्थात हरिकेनच श्रेष्ठ, असा उलटा निकाल देणेही घाईचे ठरेल. शक्य तेव्हा स्पिटफायरने जर्मन मेसरश्मिट १०९ अडवावीत आणि हरिकेनने बॉम्बफेकी विमानांवर तुटून पडावे, अशी विभागणी होती. एकाचे यश दुसऱ्याच्या आधाराने उभे होते.

मेसरश्मिटचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्याच्या इंजिनात इंधन थेट फवारले जाई. त्यामुळे नाक एकदम खाली करून ते सूर मारी, तेव्हा पाठलाग करणाऱ्या मर्लिनचे कार्ब्युरेटर क्षणभर दगा देई. (१९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने भोक असलेल्या एका छोट्या चकतीने ही अडचण बरीच कमी केली.) पण लंडनवर लढायला त्याच्यापाशी मोजक्याच मिनिटांचे इंधन उरे. छत्रीने उतरलेला ब्रिटिश वैमानिक धडधाकट असेल तर पुन्हा उडू शके. जर्मन वैमानिक कैद होई. हा फरक कोणत्या रकान्यात लिहायचा?

लढाऊ विमान म्हणून मागे पडलेले हरिकेन १९४४ मध्ये इम्फाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाची पहिली तुकडी वापरत होती, जपानी फौजांच्या हालचालींची टेहळणी करण्यासाठी. विमान तेच, काम बदलले तसे त्याचे मोलही बदलले.

म्हणून तुलना करणाऱ्याने कमाल वेगाआधी विचारावे : काम कोणते, आकाश कोणाचे आणि विमान परतल्यावर रात्रीतून ते दुरुस्त कोण करणार? तक्ता वैमानिकाला निदान विजेत्याच्या शेजारी उभा तरी करतो. ठिगळ लावणाऱ्या यांत्रिकाला त्यात जागाच नसते.