मोडण्यासाठी उभारलेले वैभव

वाळवंटातून जाणाऱ्या रस्त्यावर एक नवाकोरा पेट्रोल पंप. तो चालवणाऱ्या दोघांना कोणीतरी सांगून गेले आहे की समोरचा हा धिप्पाड ट्रकवाला वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला आहे. म्हणून ते त्याला बांधून घालतात. तो सुटतो, आणि पुढच्या काही मिनिटांत भिंती, काचा, टायरांच्या चळती, छप्पर आणि शेवटी पाण्याची टाकी असे सगळे जमीनदोस्त होते. 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' (१९६३) या चित्रपटातली जोनाथन विंटर्स या नटाची ही मोडतोड आजही प्रेक्षकाला पोट धरून हसवते.

विनोदाबद्दल एक मत नियमासारखे सांगितले जाते: पैसा ओतून हसू येत नाही. मराठी प्रेक्षकाला ते लगेच पटते. बबन प्रभूंच्या फार्सला एक दिवाणखाना आणि पुरेसे दरवाजे एवढे नेपथ्य भागत असे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चा सगळा गोंधळ भाड्याच्या खोलीच्या टंचाईतून उभा राहतो. आपला विनोद चणचणीवर पोसलेला आहे. तर मग हॉलिवूडच्या त्या खर्चिक, नामवंत नटांनी खच्चून भरलेल्या विक्षिप्त विनोदी चित्रपटांची ओढ इतकी वर्षे टिकते कशी? माझे म्हणणे असे की त्यांतल्या चांगल्या चित्रपटांत वैभव हे नेपथ्य नसतेच, तो विनोदाचा कच्चा माल असतो. ते मोडण्यासाठीच उभारलेले असते, आणि नटांची प्रतिष्ठाही त्याच ढिगात जमा केलेली असते.

या प्रकाराला इंग्रजीत 'स्क्रूबॉल कॉमेडी' म्हणतात. शब्द बेसबॉलमधला. अपेक्षेच्या उलट दिशेला वळणारा चेंडू तो स्क्रूबॉल. न्यूयॉर्क जायंट्सचा कार्ल हबेल १९३० च्या दशकात त्यासाठी प्रसिद्ध होता. आपण क्रिकेटवाले, 'गुगली' म्हटले की अर्थ पोचतो. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पासून हा प्रवाह सुरू झाला असे साधारणपणे मानतात. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि नोकरी गमावलेला बातमीदार यांची ती गोष्ट आपल्याकडे राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी' (१९५६) मधून आणि पुढे 'दिल है के मानता नहीं' (१९९१) मधून आली, त्यामुळे मूळ न पाहिलेल्यांनाही ती पाठ आहे.

काळ महामंदीचा. १९३३ मध्ये अमेरिकेतले जवळजवळ पाव कामकरी बेकार होते. अशा वेळी पडद्यावर संगमरवरी जिने, रेशमी झगे आणि शँपेन का दाखवायची, याचे ठरलेले उत्तर म्हणजे गरिबांना दोन घटका विसावा. हे उत्तर मला अपुरे वाटते. 'माय मॅन गॉडफ्री' (१९३६) मध्ये धनिकांची एक टोळी खेळ म्हणून शहरभर वस्तू गोळा करत हिंडते. यादीत एक 'विसरलेला माणूस'ही आहे, म्हणून नदीकाठच्या उकिरड्यावर राहणाऱ्या एकाला आलिशान हॉटेलात आणून नग म्हणून सादर केले जाते. 'ईझी लिव्हिंग' (१९३७) मध्ये एक धनाढ्य बँकवाला बायकोशी भांडताना तिचा फरचा कोट गच्चीवरून भिरकावतो. तो खाली बसमधून जाणाऱ्या एका सामान्य नोकरदार मुलीच्या डोक्यावर पडतो आणि तिचे आयुष्य उलटेपालटे होते. या दोन्ही ठिकाणी ऐश्वर्य डोळे दिपवायला ठेवलेले नाही. त्याचा मूर्खपणा दिसावा म्हणून ते मांडले आहे. रित्या खिशाच्या प्रेक्षकाला विसावा मिळत असेलच. त्याबरोबर एक हिशेबही चुकता होत होता.

नटांचे गणितही असेच चालते. प्रसिद्ध नट म्हणजे प्रेक्षकाच्या मनात वर्षानुवर्षे जमा झालेली रक्कम. गंभीर चित्रपट त्या रकमेवर व्याज खातो, विक्षिप्त विनोद मात्र मुद्दलालाच हात घालतो. हॉवर्ड हॉक्सच्या 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मध्ये केरी ग्रँटसारखा देखणा, टापटिपीचा नट बायकी झिरझिरीत झगा घालून दार उघडतो, आणि समोर एक करारी वृद्धा. अनोळखी नटाने हेच केले असते तर आपण हसलो असतो, पण इतके नाही. या चित्रपटाच्या शेवटी वर्षानुवर्षे जुळवलेला डायनासोरचा सांगाडा कोसळतो. तोही महागडा, प्रतिष्ठित आणि एका हाडाच्या आधारावर उभा असलेला! प्रदर्शनाच्या वेळी चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. त्याच वर्षी चित्रगृहमालकांच्या संघटनेने कॅथरिन हेपबर्नला 'गल्ल्याचे विष' ठरवणाऱ्यांच्या यादीत घातले. आज तोच या प्रकारातला आदर्श मानला जातो.

मात्र महागडी वस्तू खरोखर मोडून हसवण्याची कल्पना बोलपटाच्याही आधीची. बस्टर कीटनने 'द जनरल' (१९२६) साठी खरेखुरे आगगाडीचे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडले. मूकपटांतल्या सर्वांत खर्चिक दृश्यांत त्याची गणना होते. इंजिन पडल्यावर कॅमेरा शत्रूसेनेच्या सेनापतीच्या चेहऱ्यावर जातो. पूल पेलेल असे त्यानेच सांगितलेले असते. मोडतोड आणि तिच्यामागचा माणसाचा फाजील विश्वास, दोन्ही एका श्वासात. कीटन 'मॅड वर्ल्ड'मध्येही आहे, क्षणभर. त्याला तिथे पाहिले की कुळाचा मूळपुरुष लग्नमांडवात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला दिसावा तसे वाटते.

आता 'मॅड वर्ल्ड'. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर. 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' (१९६१) सारख्या कळकळीच्या, थोड्या प्रवचनी चित्रपटांचा हा माणूस विनोदाकडे वळला आणि त्याने सुमारे ९४ लाख डॉलर खर्चून, ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी, तीन तासांहून लांब प्रहसन काढले. हॉलिवूडचे 'सिनेरामा डोम' हे घुमटाकार चित्रगृह नोव्हेंबर १९६३ मध्ये याच चित्रपटाने उघडले. कथा चार ओळींची आहे. अपघातात मरणारा एक चोर रस्त्यात थांबलेल्या अनोळखी लोकांना सांगून जातो की सांता रोसिटा गावच्या बागेत 'मोठ्या डब्ल्यू'खाली साडेतीन लाख डॉलर पुरले आहेत. सगळे धावत सुटतात. म्हातारा, प्रामाणिक पोलीस कॅप्टन लांबून पाळत ठेवतो, आणि शेवटी त्यालाही मोह होतो.

माझ्या मते चित्रपटाचा कणा पाठलागात नाही, त्याआधीच्या वाटणीच्या प्रसंगात आहे. चार गाड्या, आठ माणसे, त्यांतले पाच जण दरीत उतरून मरणाऱ्याजवळ गेलेले. भाग गाड्यांप्रमाणे पाडायचे, डोक्यांप्रमाणे, की उतरलेल्यांप्रमाणे? सिड सीझरने रंगवलेला दंतवैद्य अगदी समजूतदारपणे एकेक सूत्र मांडत जातो आणि प्रत्येक सूत्रात कोणाचा तरी तोटा होतो. आपल्याकडे बांधावरून आणि वाड्यातल्या खोल्यांवरून भांडणारे सख्खे भाऊ ज्याने पाहिले आहेत, त्याला या प्रसंगाला तळटीप लागणार नाही. पुढे जे जे फुटते, जळते, कोसळते, ते या फसलेल्या वाटणीचे व्याज आहे. विमान जाहिरातीच्या फलकातून आरपार जाते (ती कसरत वैमानिकाने प्रत्यक्ष केलेली आहे), तळघरात कोंडलेले जोडपे हार्डवेअरचे दुकान उडवून देते. मोडतोड वाढते तशी किंमत वाढते, आणि ज्या रकमेसाठी हे चालले आहे ती तेवढीच राहते.

स्पेन्सर ट्रेसीची निवड इथे फार मोलाची ठरते. क्रेमरच्याच आधीच्या चित्रपटांत त्याने न्यायाधीश आणि विवेकी वकील रंगवले होते. प्रेक्षक त्याला सचोटीचा पुतळा म्हणून ओळखत. म्हणून तो शेवटी पैशाची सूटकेस उचलून चालू लागतो तेव्हा बसणारा धक्का त्याच्या वीस-तीस वर्षांच्या पुण्याईतून आलेला असतो. बाकीच्यांची गोष्ट वेगळी. मिल्टन बर्ल, फिल सिल्व्हर्स, सिड सीझर हे दूरचित्रवाणीने घराघरांत नेलेले. एथेल मर्मन रंगभूमीवरची. जिमी ड्युरांटी, जॅक बेनी, थ्री स्टूजेस हे आणखी जुन्या पिढीचे. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला दर दोन मिनिटांनी एखादा ओळखीचा चेहरा भेटल्याचा आनंद होत असणार.

इथेच खरी परीक्षा आहे. ते चेहरे आज अमेरिकेतल्या तरुणालाही ओळखू येत नाहीत, आपल्याकडे तर कधीच येत नव्हते. थ्री स्टूजेस अग्निशामक दलाच्या वेषात नुसतेच उभे दिसतात. मागचे माहीत नसलेल्याला तो तीन माणसांचा एक निरर्थक शॉट आहे. असे बरेच क्षण विझून गेले आहेत. पण विंटर्सचा पेट्रोल पंप विझलेला नाही, वाटणी विझलेली नाही, सासूबाई झालेल्या मर्मनचा आवाज तर नाहीच नाही. नुसत्या हजेरीसाठी बोलावलेला तारा त्याच्या काळाबरोबर मावळला. ज्याला काही मोडायला दिले होते, तो टिकला.

दोष सांगायलाच हवेत. चित्रपट लांब आहे. पुढे कापून आखूड केला तरी लांबच राहिला. अग्निशामक शिडीवरच्या शेवटच्या लटकंतीत बाहुल्या आणि छायाचित्रणाच्या युक्त्या आहेत, आणि त्या आज दिसतात. सर्वांत मोठा तोटा स्त्रियांच्या भूमिकांचा. १९३० च्या दशकात या प्रकाराचे इंजिनच बाई होती. हेपबर्न, कॅरोल लोंबार्ड, क्लोडेट कोल्बेर पुरुषांना फरफटत नेत. क्रेमरच्या बायका ओरडतात किंवा गाडीत बसतात. लोभ नसलेली एकच बाई यात आहे, आणि गंमत अशी की तो 'मोठा डब्ल्यू' पहिल्यांदा तिलाच दिसतो. या धाग्याचे चित्रपट फारसे काही करत नाही. पीटर बोग्दानोविचने 'व्हॉट्स अप, डॉक?' (१९७२) मध्ये बार्बरा स्ट्रायसँडच्या हाती पुन्हा सूत्रे दिली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरचा महागडा पाठलागही ठेवला. दोन्ही कुळे तिथे सुखाने एकत्र नांदली.

पैसा आणि नामावळी पुरेशी असती तर स्टीव्हन स्पीलबर्गचा '१९४१' (१९७९) सर्वांत विनोदी ठरायला हवा होता. आकाशपाळणा निखळून समुद्रात जातो, कड्यावरचे अख्खे घर खाली घसरते. तंत्र थक्क करणारे आहे. हसू मात्र तुटक येते, कारण त्या घबराटीत कोणा एकाचे असे काहीच पणाला लागलेले नाही. घर पडते तेव्हा आपल्याला घराचा मालक जेमतेम आठवतो. पेट्रोल पंप पडतो तेव्हा त्या दोघांची नवी उमेद पडताना दिसते. आपण निर्दयपणे हसतो, पण कशाला हसतो ते आपल्याला ठाऊक असते.

'मॅड वर्ल्ड'ची छाया आपल्याकडे 'धमाल' (२००७) मध्ये आली. दहा कोटी रुपये, गोव्यातली बाग, तोच 'डब्ल्यू'. चेहरे ओळखीचे असल्याने मूळ चित्रपटातला तो ओळख पटण्याचा आनंद आपल्याला इथे अनुभवता आला, आणि जावेद जाफरीच्या निरागस मठ्ठपणाने कित्येक प्रसंग उचलून धरले. शेवट मात्र बदलला. इंद्रकुमारची माणसे एका धर्मादाय कार्यक्रमाच्या मंचावर येऊन पोचतात आणि पैसे अनाथ मुलांना देऊन टाकतात. टाळ्या पडतात, सगळे सुधारतात. हसता हसता केलेले सगळे अपराध दानधर्माने धुऊन निघतात, जणू प्रेक्षकाला नुसते हसवून घरी पाठवणे लाजिरवाणे होते.

क्रेमर, इतका प्रवचनी असून, हा मोह टाळतो. त्याचे पैसे हातातून सुटतात आणि खाली जमलेल्या गर्दीवर उडत जातात. कोणी सुधारत नाही. धावणारे सगळे पुरुष इस्पितळात, हातपाय प्लास्टरमध्ये, एकमेकांवर आणि कॅप्टनवर चिडलेले. नोकरी, निवृत्तिवेतन, घरदार सगळे गमावलेला कॅप्टन म्हणतो की आपल्याला आता पुन्हा कशाचे हसू येईल असे वाटत नाही. तेवढ्यात कोणीतरी केळ्याची साल जमिनीवर टाकतो. दारातून सासूबाई तरातरा येतात, बोट रोखून सर्वांची खरडपट्टी काढू लागतात आणि त्या सालीवरून घसरून आपटतात. बँडेजमधले सगळे हसायला लागतात, आणि सर्वांत शेवटी, मान मागे टाकून, ट्रेसी.