पाण्यातली माणसे : ‘द क्रुएल सी’मधले धैर्य

युद्धपटातला नायक बहुधा शत्रूसमोर उभा राहून आपले धैर्य सिद्ध करतो. ‘द क्रुएल सी’ (१९५३) या ब्रिटिश चित्रपटात शत्रू फारसा दिसतच नाही आणि नायकाची खरी कसोटी लागते ती आपल्याच माणसांपुढे. ईलिंग स्टुडिओसाठी चार्ल्स फ्रेंडने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची पटकथा एरिक अँब्लरने निकोलस मॉन्सरातच्या १९५१ सालच्या कादंबरीवरून लिहिली. मॉन्सरात स्वतः युद्धात कॉर्व्हेट नौकांवर अधिकारी होता. अटलांटिक ओलांडून ब्रिटनकडे धान्य, तेल, दारूगोळा नेणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना जर्मन पाणबुड्यांपासून राखायचे, हे या छोट्या नौकांचे काम. वादळात त्या भयंकर डोलत. ब्रिटिश आरमाराने त्यांना नावे मात्र फुलांची दिली होती!

चित्रपटातली नौका ‘कंपास रोज’, तिचा कप्तान एरिक्सन (जॅक हॉकिन्स). ताफ्यातले जहाज बुडाले आहे, वाचलेले खलाशी पाण्यात हातपाय मारत आहेत, ‘कंपास रोज’ येताना पाहून हात हलवत आहेत. त्याच क्षणी ऍस्डिक यंत्रावर पाणबुडीचा माग लागतो, तोही नेमका या माणसांच्या खाली. डेप्थ चार्ज टाकले तर पाण्यातल्या दाबाने ती सगळी मरणार. न टाकले तर पाणबुडी निसटून आणखी जहाजे बुडवणार. एरिक्सन वेग वाढवतो आणि चार्ज टाकायला सांगतो.

या प्रसंगाची जुळणी नीट पाहण्यासारखी आहे. ऍस्डिक पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते आणि पाणबुडीवर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपते. नौका जवळ जाईल तसे ठोका आणि प्रतिध्वनी यांतले अंतर आटत जाते. पण नौका पाणबुडीच्या अगदी वर आली, की यंत्राला काहीच कळेनासे होते. म्हणजे निर्णायक क्षणी कप्तानापाशी ज्ञान नसतेच, असतो फक्त अंदाज. शिवाय स्वतःच्याच स्फोटाने नौका फुटू नये म्हणून वेग कमी करता येत नाही. चित्रपट हे कुठे समजावत बसत नाही. तो ठोके ऐकवतो आणि हॉकिन्सचा चेहरा दाखवतो. स्फोटानंतर पाणबुडीची कसलीही खूण वर येत नाही. ती तिथे होती की नव्हती? नौकेवरचाच कोणीतरी कप्तानाला खुनी म्हणून ओरडतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. एरिक्सन मूळचा व्यापारी जहाजांवरचा माणूस, युद्धामुळे आरमारात आलेला. पाण्यात आहेत ते त्याच्याच पेशाचे लोक. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनखोल्यांत आणि डेकवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. त्यांत रत्नागिरीकडचे होते, भटारखान्यात आणि प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे होते. चित्रपट पाण्यातल्या कोणालाच नाव देत नाही. कप्तानाचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचते, त्यांचे पोहोचत नाही. ही या चित्रपटाची मर्यादा आहे, आणि मला ती लहान वाटत नाही.

तरीही त्याने काय साधले हे कळायला १९४२ सालचा ‘इन विच वुई सर्व्ह’ शेजारी ठेवावा. आपल्याला शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ठाऊक असलेल्या माउंटबॅटन यांची ‘केली’ ही विनाशिका मे १९४१मध्ये क्रीटजवळ बुडाली. त्यावर बेतलेला हा चित्रपट नोएल कॉवर्डने लिहिला, डेव्हिड लीनबरोबर दिग्दर्शित केला आणि कप्तानाची भूमिकाही स्वतःच केली. त्यात एक पोरगेला खलाशी भिऊन जागा सोडतो. कप्तान थोडा दोष स्वतःकडे घेऊन त्याला माफ करतो. धैर्य म्हणजे काय, भ्याडपणा म्हणजे काय, याविषयी तिथे कोणाच्याच मनात शंका नाही. युद्ध चालू असताना ती परवडणारीही नव्हती. अकरा वर्षांनी एरिक्सनच्या वाट्याला आलेले कृत्य धैर्याचे की खुनाचे, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. तो दारू पितो आणि रडतो. पाणबुडीची खूण आपणच पटवली होती, असे म्हणून लॉकहार्ट (डोनाल्ड सिंडेन) त्याचे ओझे वाटून घेऊ पाहतो. एरिक्सन ते देत नाही. सगळा दोष तो युद्धावर टाकतो. हे उत्तर पुरेसे नाही आणि हॉकिन्स ते पुरेसे नसल्यासारखेच बोलतो. ओठ घट्ट मिटून सोसणारा इंग्रज अधिकारी ही त्या काळच्या पडद्यावरची ठरलेली मूर्ती होती. तिचे डोळे इथे भरून येतात.

उत्तरार्धात चित्रपट थोडा कच खातो. ‘कंपास रोज’ बुडाल्यावर एरिक्सनला नवी नौका मिळते. तिथे त्याचा हट्टी पाठलाग यशस्वी होतो, पाणबुडी खरोखरच बुडते. त्याच हट्टाला मिळालेले हे यश प्रेक्षकाला नको तितका दिलासा देते. पण बुडालेल्या पाणबुडीतले जर्मन वर घेतले जातात तेव्हा ते आपल्यासारखेच दिसतात, हे एरिक्सनच्या ध्यानात येते आणि तो दिलासा जरा उणा होतो.

अखेरीस युद्ध संपते. एरिक्सन आणि लॉकहार्ट पाच वर्षांचा हिशेब करतात तो दोन पाणबुड्यांचा. पाण्यातली माणसे त्या हिशेबात येत नाहीत.