दुसऱ्या फेरीचं टोकियो

मराठी प्रवासवर्णनातलं टोकियो बहुतेक वेळा पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. रांग सरळ असते, गाडी ठरल्या सेकंदाला येते, दुकानातली बाई कमरेतून वाकते, रस्त्यावर कागदाचा कपटा नसतो. लेखक थक्क होतो, त्याला आपलं गाव आठवतं आणि तो सुस्कारा सोडतो. हा क्रम इतका ठरून गेलाय की लेखकाचं नाव झाकलं तर पुस्तक कोणाचं ते ओळखू येऊ नये.

एकदाच जाणाऱ्याने थक्क होण्यात गैर काही नाही. पण त्या थक्क होण्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न पालघर-बोईसरकडे राहून ही पुस्तकं वाचणाऱ्याला टाळता येत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर बारा स्थानकं आहेत, त्यातलं एक बोईसर. तंत्र जपानचं, कर्जही बरंचसं जपानचं. जमिनीच्या प्रश्नावर इथल्या आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा समोरून एक वाक्य हमखास आलं: जपानमध्ये असं चालत नाही. हे वाक्य बोलणाऱ्यांतले फार थोडे जपानला गेलेले असतील. त्यांचा जपान ऐकून-वाचून घडलेला आहे आणि तो घडवण्यात आपल्या प्रवासवर्णनांचाही हात आहे.

या वाङ्मयाचा मानदंड म्हणजे पु. ल. देशपांडे यांचं ‘पूर्वरंग’ (१९६३). ते आजही वाचवतं, कारण पुलंचं कुतूहल इमारतींपेक्षा माणसांकडे आणि कलांकडे धावतं. पण पाहुण्याला घरातली पुढची खोली दिसते, तशी ती इथेही दिसते. पुस्तक येण्याच्या तीनच वर्षं आधी, १९६० साली, अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक टोकियोत संसदेभोवती उतरले होते. आयसेनहॉवर यांची भेट रद्द झाली, पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावं लागलं. (२०१७ साली आपल्या बुलेट ट्रेनचा पायाभरणी समारंभ झाला, त्याला मोदींबरोबर हजर असलेले शिंझो आबे हे याच किशींचे नातू.) ‘पूर्वरंग’ मिटल्यावर मनात राहतं ते टोकियो या आरडाओरड्याचं नव्हे, ते सुबक आणि आदबशीर आहे. पुण्यात ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या उद्यानाला पुलंचंच नाव आहे, हेही जुळून आलं. मराठी मनातला जपान असाच आहे: कातरलेली हिरवळ, संथ पाणी, आवाज नाही.

वेगळं लिहिणं पुलंना जमत नव्हतं असं नाही. पन्नाशीत ते बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्यातून आलेलं ‘वंगचित्रे’ ‘पूर्वरंग’शेजारी ठेवून पाहावं. लेखक तोच, विनोदाची जात तीच. पण भाषा शिकायला बसलेला माणूस पाहुणा राहत नाही. तो अडखळतो, थांबतो, पुन्हा विचारतो. टोकियोला हे भाग्य मराठीत अजून लाभायचं आहे.

मग दुसऱ्यांदा जाणाऱ्याला काय दिसेल? असाकुसाचं सेन्सोजी देऊळ घ्या. पहिल्या फेरीत ते ‘सातव्या शतकातलं’ असतं. दुसऱ्या फेरीत कळतं की मुख्य सभामंडप १९५८ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, कारण मार्च १९४५च्या एका रात्रीत अमेरिकी बाँबफेकीने हा सगळा भाग जाळला आणि सुमारे लाखभर माणसं मेली. तिथून थोडं उत्तरेला गेलं की सान्या लागतं. टोकियो उभारणारे रोजंदारी मजूर इथल्या स्वस्त खोल्यांत राहायचे. १९६०च्या दशकात पत्त्यांची फेररचना झाली आणि सान्या हे नाव सरकारी नकाशावरून गेलं. लोकांच्या तोंडी ते अजून आहे.

किंवा नारिता विमानतळ. आपली बरीच प्रवासवर्णनं इथेच सुरू होतात आणि शिस्तीचं पहिलं कौतुकही इथेच होतं. ही जमीन सानरिझुकाच्या शेतकऱ्यांची. त्यांना न विचारता १९६६ साली सरकारने जागा ठरवली. शेतकरी आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं लढले, दोन्ही बाजूंची माणसं मेली. मार्च १९७८मध्ये, उद्घाटनाला चार दिवस उरले असताना, आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रं फोडली. विमानतळ मे महिन्यात उघडला. जमीन न सोडणाऱ्यांची शेतं पुढे कित्येक वर्षं विमानतळाच्या कुंपणांमध्ये पिकत राहिली. जपानमध्ये असं चालत नाही, हे वाक्य त्या शेतांच्या बांधावर उभं राहून म्हणून पाहावं.

आणि खुद्द शिनकानसेन. ती १९६४ साली ऑलिंपिकच्या तोंडावर टोकियो ते ओसाका धावली. दहा वर्षांनी नागोयात रुळालगतच्या रहिवाशांनी आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध खटला भरला. तो १९८६ साली तडजोडीने मिटला. दरम्यान १९७५ साली सरकारने वस्तीतल्या आवाजाची मर्यादा ७० डेसिबलवर आणली. नव्या गाड्यांचं ते लांब नाक, ज्याचा फोटो प्रत्येक जण काढतो, तेही बरंचसं आवाजामुळेच आलं: बोगद्यातून बाहेर पडताना होणारा धमाका कमी व्हावा म्हणून. थोडक्यात, आपण ज्याला जपानी शिस्त म्हणतो त्यातला मोठा भाग कोणीतरी तक्रार केल्यामुळे घडला आहे. पहिल्या फेरीच्या लिखाणात शिस्त दिसते, तक्रार गळते. आणि तक्रार गळलेली शिस्त कोणालाही गप्प करायला वापरता येते.

परक्या देशाचा दाखला देणं वाईट नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली इथे महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या वेळी ते जपान पाहूनही आले नव्हते. पण त्यांच्या हातात जपानच्या दाखल्याने दार उघडलं. आज तोच दाखला तोंड बंद करायला वापरला जातो. फरक तिथे आहे.

यावर उलट टोक गाठून जपानचं उणं काढत सुटणं हाही आळसच. टोकियोची गाडी वेळेवर येते, ही गोष्ट डहाणू लोकलच्या प्रवाशाला क्षुल्लक वाटणार नाही. मागणं एवढंच आहे की ती वेळेवर का येते आणि त्यासाठी कोणी काय मोजलं, तेही लिहा. फुकुशिमाचा वीजप्रकल्प टोकियोला वीज पुरवणाऱ्या कंपनीचा होता. २०११ साली घरं सोडावी लागली ती फुकुशिमाच्या लोकांना. तारापूरची पहिली दोन संयंत्रं १९६९ची, फुकुशिमाचं पहिलं १९७१चं, दोन्हीकडे उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, रचना अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. तारापूरच्या पुढच्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. झगमगत्या टोकियोचं वर्णन वाचताना इथल्या वाचकाला दिव्यामागची तार दिसते. ती लेखकाला का दिसू नये?

लिहू शकतील अशी माणसं आहेत. पुण्यात जपानी शिकलेल्यांच्या पिढ्या आहेत. टोकियोच्या एदोगावा भागात मराठी घरं आहेत. तिथूनच २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसभेवर निवडून आले. कामासाठी पाच-सात वेळा जाऊन आलेले अभियंते आहेत. त्यांना कचऱ्याच्या वेळापत्रकावरून होणारी शेजारची भांडणं ठाऊक आहेत, घरमालक परदेशी माणसाला नकार कसा देतो ते ठाऊक आहे. पण लिहायला बसले की तेही पहिल्या दिवसाचं आश्चर्य लिहितात, कारण प्रवासवर्णन म्हणजे तेच, अशी आपण त्यांची समजूत करून दिली आहे. संपादकांनी त्यांच्याकडे आता सातव्या खेपेबद्दलचा लेख मागावा.